तिन्ही होड्या माझ्या पदरात आहेत

प्रिय अहो,

नाही हो, अजून नाही रंगवल्या! रंगवतील कशा? तिन्ही होड्या माझ्या पदराच्या गाठीत आहेत, आणि मी मागच्या पडवीत नारळाच्या सोडणांच्या ढिगाआड पाट टाकून बसलेय. आत तुमचा लेक महेश खाटेखाली शिरून शोधतोय. शिरला खरा, पण पोट अडकलंय. इथून दारातून त्याचे नुसते पाय दिसतायत. सून म्हणतेय, "अहो, बाहेर या आधी, कंबर धरेल." आणि मी इथे तोंडावर हात दाबून हसतेय.

तुम्ही नका हसू. आधी ऐका.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. तुम्ही ओरोसच्या कचेरीत होतात, आठवडाभर तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचात, तेव्हासुद्धा कधी लिहिलं नाही. लिहून काय करणार होते? पेटीत टाकायला मामंजींकडेच द्यायचं ना! ते वाटेत उभे राहून वाचणार, मग घरी येऊन सासूबाईंना वाचून दाखवणार, मग सासूबाई मला विचारणार, "गो, ह्या 'आठवण येते' म्हणजे काय ता?" नको रे बाबा.

आता ती भीती नाही. तुमच्या पत्त्यावर पत्र जात नाही एवढीच अडचण. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर अजून बरं आहे. बोलताना आपलं मालवणी, पण हातात पेन आलं की शाळेतल्या बाईंची छडी आठवते आणि हात आपोआप शुद्ध चालायला लागतो. काना-मात्रा चुकली तर तिथून दुरुस्त करा. तुम्हाला कचेरीची सवय आहे.

नाव मात्र नाही घालणार. उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय? 'अहो' म्हटलं की तुम्हाला कळतं.

आजच का लिहितेय, तर आपल्या ओवीला आज एक गोष्ट सांगावी लागणार आहे. तिनं मला पकडलंय. अकरा वर्षांची पोर, पण नजर सासूबाईंची. तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवी. नवऱ्याला माहीत नाही आणि नातीला माहीत, हे काही बरं दिसत नाही. पण लगेच नाही सांगत. जरा धीर येऊ दे. शेवटी सांगते.

परवा संध्याकाळची गोष्ट. तुम्ही गेल्यावर दिवाळीला महेश एकटाच येऊन गेला होता, आता मे महिन्यात सगळी आली. चहा झाला आणि ओवी म्हणाली, "आजी, ताट खेळूया ना!"

मी म्हटलं, "कवड्या हरवल्या गो."

खोटं! कवड्या मिठाच्या बरणीमागे होत्या. पट माळ्यावर होता, तुमच्या चौकडीच्या लुंगीत गुंडाळलेला. वर्षभर मी त्याला हात लावला नव्हता. साफसफाईला माळ्यावर चढायचे, शेजारचे पत्रावळीचे गठ्ठे झटकायचे आणि खाली उतरायचे. पण ओवीनं कवड्या शोधल्या. बरणीमागे हात कशाला घातला विचारलं तर म्हणते, "तू तिकडे बघत होतीस म्हणून." बघा आता!

लुंगी सोडली आणि आत तुमचा तो निळा समुद्र. अहो, रंग कसा टिकलाय! होडीला लावून उरलेला ऑइलपेंट तो, टिकायचाच. किनाऱ्याची रेघ तेवढी तुम्ही वाकडी काढली होती. मालवण वेंगुर्ल्याच्या मांडीवर बसलंय.

तुम्हाला आठवतं, पट का केलात ते? मी नांदगावच्या बाजूची, भाताच्या आणि काजूच्या गावची. आमच्याकडे मासा यायचा तो सायकलवरून, तोही अर्धा सुकलेला. मला तारली कुठली आणि पेडवा कुठला कळायचं नाही. लग्नानंतर सासूबाई माशांची टोपली पुढे ठेवायच्या आणि मी देवाचं नाव घ्यायचे. पावसामुळे जाळी वर चढवलेली, तुम्ही शनिवार-रविवार घरी, करायला काही नाही. तेव्हा जुन्या पेटीचं झाकण घेऊन बसलात. म्हणालात, "हिका बंदरां शिकवूक होयी."

देवगडपासून शिरोड्यापर्यंत सगळी बंदरं झाकणावर आली. प्रत्येक बंदरावर जिन्नस मांडायचे. शिंपली म्हणजे मासा, करवंटीचा तुकडा म्हणजे नारळ, रातांब्याची बी म्हणजे सोलं आणि पांढरा खडा म्हणजे तांदूळ. प्रत्येकासमोर फणसाचं एक हिरवं पान, ते त्याचं ताट. कवड्या टाकायच्या, पडेल तेवढी घरं होडी हलवायची, जिथे थांबेल तिथला एक जिन्नस आपल्या पानावर. ज्याच्या पानावर चारी जिन्नस आधी जमतील त्यानं ओरडायचं, "वाढा!" म्हणजे तो जिंकला. खेळ एवढाच. लहान पोरालाही जमेल असा.

आणि होड्या तीनच. पांगाऱ्याच्या लाकडाच्या, बोटाएवढ्या. एक निळी, एक तांबडी, आणि तिसरी तशीच, कारण रंग संपला.

मामंजींनी बसल्या बसल्या निळी उचलून आपल्यासमोर ठेवली. "ही माझी."

"बाबा, होडी कोणाचीच नाय," तुम्ही म्हणालात. "ज्येची पाळी तेणा खंयचीय हलवची."

"मगे मी घरातलो मोठो कित्याक झालंय?"

"रापणीक तुमची होडी आसता? तुमचा जाळा आसता?"

"नाय."

"पण दोर वडल्यात की वाटो गावता ना?"

मामंजी विचारात पडले. जन्मभर रापण ओढलेला माणूस. किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी ते मोठं जाळं ओढायचं, दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळायचा. तुम्हीसुद्धा आठवडाभर कचेरीत कागद हलवून रविवारी सकाळी दोराला लागायचात आणि चार बांगडे घेऊन यायचात, जसं काही सरकारनं बक्षीस दिलंय. मामंजींना पटलं. होडी परत मध्ये ठेवली. पण पुटपुटले, "निळी बरी दिसता रे."

सासूबाई चुलीकडून ओरडल्या, "म्हाताऱ्याक निळी द्या रे, नायतर जेवचो नाय तो!"

कसलं हसलो होतो सगळे! मी नवी सून, मोठ्यानं हसायची चोरी. पदर तोंडात कोंबला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा. मला वाटलं कुणी पाहिलं तर नाही ना?

आजच्या पोरींना सांगितलं तर खोटं वाटेल. दिवसा तुमच्याशी बोलायचं म्हणजे मध्ये सासूबाई लागायच्या. तुम्ही म्हणायचात, "आये, तिका सांग, माझो शर्ट खंय आसा?" मी म्हणायचे, "सासूबाई, तेंका सांगा, दोरयेर आसा." शर्ट तुमच्या नाकासमोर, मी तुमच्या नाकासमोर, आणि सासूबाई मध्ये टपाल वाटतायत! शनिवारी तुम्ही शेवटच्या एसटीनं यायचात, मी वाटेकडे कान लावून भाकऱ्या थापायचे, आणि तुम्ही आलात की आधी मामंजींशी पिकाबद्दल बोलायचात. पिकाबद्दल! तुम्हाला भात आणि वरी ओळखू येत नव्हती.

पटावर मात्र सगळं चालायचं. "तुझी पाळी," म्हणता यायचं. "कवड्यो हय दी," म्हणता यायचं. भांडतासुद्धा यायचं. तुमच्या डाव्या हाताला मी बसायचे, म्हणजे तुमची पाळी झाली की लगेच माझी. ती माझी जागा. दुसरं कुणी तिथे बसलं की मी शेजारी सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागायचे. कोंडा नाकात गेला की माणूस उठतं.

पण डाव? डाव मी हरायचे. नेहमी हरायचे.

तुमची एक सवय होती, विचार करायची. होडी मुठीत घ्यायची आणि समुद्रावर तुफान आल्यासारखं तोंड करून बसायचं. कवड्या पडल्यात तीन, म्हणजे तीन घरं, त्यात विचार तो कसला? मामंजी म्हणायचे, "अरे, ओरोसची फायल आसा काय ती? हलय!" मग तुम्ही अगदी साहेबासारखी होडी ठेवायचात. माझी पाळी यायची, आणि मी तीच होडी उचलायचे.

"अगो, ती आत्ता मी हलवलंय! तिच्या फुडे काय्येक नाय!"

"आसांदे."

"तांबडी बघ. तांदळाच्या बाजूक उभी आसा."

"माका हीच बरी वाटता."

"बरी वाटता म्हणजे? ह्यो खेळ आसा, साडयेचा दुकान न्हय!"

झालं. सगळं घर हसायचं. मीही हसायचे. मग मामंजी गेले, सासूबाई गेल्या, महेश मोठा झाला, सून आली, ओवी आली, आणि तो विनोद तसाच राहिला. आईला सगळं येतं, माशांची कढी अशी करते की शेजारी वास घेऊन जेवतात, पण ताट नाही येत. दर मे महिन्यात नवीन माणसाला आधी नियम सांगायचे आणि मग माझी गोष्ट.

एक सांगते. सासूबाईंना कळलं होतं. एकदा मी हरले आणि तुम्ही कपाळावर हात मारलात, तेव्हा त्या सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बघून हसल्या. "हरूंदे तिका," म्हणाल्या, "तिच्या पदराक काय पडता ता माका म्हायती आसा." तुम्हाला वाटलं म्हातारी काहीतरी बडबडतेय. मी लाजेनं विहिरीवर पळाले. पाणी भरलेलं होतं तरी अजून दोन कळशा आणल्या.

अहो, इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंत का मला, 'का गो?' असं? अक्कल काढलीत, माहेर काढलंत, नांदगावला समुद्र नाही म्हणून सगळ्या गावालाच माफी दिलीत. पण 'का' नाही विचारलंत. आठवडाभर लोकांचे अर्ज वाचून त्यांच्या मनातलं ओळखणारा माणूस! बायकोच्या हाताकडे बघायला काय झालं होतं?

असो. परवाचं सांगते.

पट मांडला. ओवीनं फणसाची पानं आणली, धुतली, पुसली. तुमच्या जागेवर महेश बसला. मी माझ्या जागेवर. बसताना गुडघा कटकटला, तेवढाच आवाज.

महेशची पाळी आली. त्याचं एक लक्ष मोबाइलमध्ये. होडी उचलली, टाकली. तुमच्यासारखा विचार नाही, तोंड करणं नाही, काही नाही. बसस्टॉपवर पिशवी ठेवतात तशी ठेवली. माझी पाळी आली. हात सवयीनं त्याच होडीकडे गेला, निळीच होती, आणि बोटं लागल्या लागल्या मी हात मागे घेतला. मग तांबडी उचलली. नारळ आला. पुढच्या पाळीला तिसरी होडी हलवली, सोलं आली. मग मासा. मग तांदूळ.

"वाढा," मी म्हटलं.

महेशनं मोबाइल खाली ठेवला. "आये, आज अक्कल खंयसून इली?"

सून टाळ्या वाजवायला लागली. "आई जिंकल्या! पहिल्यांदा!"

जिंकले हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय मिळालं? फणसाचं पान. उठून ते गाईला घातलं आणि गोठ्यात जरा जास्तच वेळ उभी राहिले. गाय चाटत होती हात. तिला काय, मीठ लागलं असेल.

पुढच्या डावात ओवी आणि महेश निळीवरून भांडले. ओवीनं शिरोड्याजवळ आणून ठेवली, मासा दोन घरांवर, आणि महेशनं ती उलट देवगडकडे नेली. ओवी रडकुंडीला आली. "बाबा, ती मी आणली होती!" महेश म्हणाला, "होडी सगळ्यांची असते." "मग मी कशाला आणू?" पोरीचं म्हणणंही खोटं नाही.

सुनेनं उपाय काढला. बरी आहे हो पोर, भांडण मिटवायला धावते. म्हणाली, "प्रत्येकाला आपापली होडी करूया की! रंग वेगळे, नावं वेगळी. भांडणच नको." काल बाजारातून रंगाच्या बाटल्या आल्या. ब्रश आले. ओवीनं आज जेवताना सगळं ठरवून सांगितलं. तांबडी बाबांची. तिसरी ती जांभळी करणार, ती तिची. आईला आणि मला पुठ्ठ्याच्या. मला पुठ्ठ्याची! मी म्हटलं, "गो, पुठ्ठ्याची होडी बुडतली." म्हणते, "आजी, पटावर पाणी नसतं."

आणि निळी?

"निळी आजोबांची," ओवी म्हणाली. "ती आपण फोटोसमोर ठेवूया. कायमची. छोटा हार पण घालूया."

माझा घास तसाच राहिला. पोरीनं मायेनं म्हटलं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तुमच्या फोटोसमोर काय काय आलं, मी काही म्हटलं नाही. उदबत्ती आली, बॅटरीचा दिवा आला, तुम्हाला न आवडणारा डिंकाचा लाडूसुद्धा आला. पण होडी? तिला तिथे कोण हलवणार? धूळ बसेल, सणाला पुसतील, परत ठेवतील. जी वस्तू सगळ्यांच्या हातातून फिरायची तिला हार घालून बसवायची?

मी रापणीचं सांगून बघितलं. तुमचंच बोलणं, जसंच्या तसं. होडी कुणाची नसते, दोराला हात लागला की वाटा.

ओवी म्हणाली, "पण आजी, आपण कुठे रापण ओढतो? बाबा तर समुद्रात पायसुद्धा घालत नाहीत."

खरं आहे ते. चप्पल भिजते म्हणतो तुमचा लेक.

"आये, पोरांचो खेळ तो, खेळांदेत तेंका तेंच्यासारखो," महेश म्हणाला. "तुका तरी ह्यो खेळ कधी कळलो?"

हसले सगळे. मी पण हसले, सवयीनं. ओवी हसली नाही. भाताचा गोळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, पण तू तर परवा जिंकलीस. एकदम नीट खेळलीस. मग आजोबा असताना दर वेळी त्यांचीच होडी का उचलायचीस? खेळ कळत नसता तर कधीतरी चुकून बरोबर होडी उचलली असतीस ना?"

अहो, बघा! जे तुम्हाला, मामंजींना, महेशला, कुणाला सुचलं नाही ते या पोरीनं भात खाता खाता काढलं! माझे कान तापले. मी म्हटलं, "कढी ऊतू जाता वाटता," आणि उठले. गॅस केव्हाच बंद होता.

जेवणं झाली, सगळी जरा आडवी झाली. पट ओसरीवर, रंगाच्या बाटल्या शेजारी ओळीनं, उन्हं उतरली की रंगवायचं ठरलेलं. मी तिथून गेले, पदर खाली सोडला आणि तिन्ही होड्या उचलल्या. या वयात चोरी! छाती अशी धडधडत होती की वाटलं महेशला ऐकू जाईल. तो घोरत होता.

आता मांडीवर घेऊन बसलेय. तांबडीचा तळ झिजून गुळगुळीत झालाय. निळीच्या टोकाला महेशच्या दाताचे व्रण आहेत, दात येताना चावली होती त्यानं, आणि तुम्ही मला ओरडला होतात, जशी काही मीच चावले. तिसरी अजून बिनरंगाची, पण हात लागून लागून तिला आपोआप एक रंग आलाय. असा रंग बाजारात नाही मिळायचा.

शेवटचा डाव आठवतोय तुम्हाला? गेल्या मे महिन्यातला. तुम्ही खाटेवर उशांना टेकून, पट स्टुलावर. हात थरथरायचा, होडी ठेवता ठेवता आडवी व्हायची आणि तुम्ही म्हणायचात, "वादळ इला!" ओवी खिदळायची. मग तुमची पाळी आली, निळी मुठीत घेतलीत, तेच साहेबासारखं तोंड केलंत, आणि तसेच झोपलात. महेश म्हणाला, "बाबा, पाळी!" मी म्हटलं, "आसांदे रे. विचार करतत."

सगळी उठून गेली. मी बसून राहिले माझ्या जागेवर. माझी पाळी यायची होती ना! बराच वेळ तशीच बसले. मग तुमची बोटं एकेक सोडवून होडी काढून घेतली. तुम्ही झोपेतच म्हणालात, "खंयची घेतलंस गो?" मी म्हटलं, "तुमचीच." तुम्ही हसल्यासारखं केलंत. त्यानंतर पट मांडला गेला नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

थांबा. आत महेश खाटेखालून निघाला वाटतं. सून म्हणतेय, "मांजरानं नेल्या असतील." मांजर बिचारं! आणि ओवीचा आवाज नाही. ही गप्प झाली म्हणजे मला शोधतेय. सोडणांमागे बघायचं तिलाच सुचेल.

येऊ दे. मी ठरवलंय. तुम्हाला शब्द देते. निळी फोटोसमोर जाणार नाही. पटावरच राहील, ज्याची पाळी त्याच्या हातात. जांभळा रंग वाया घालवायचा नाही, ओवीला पांगाऱ्याचा तुकडा देईन, महेश कोरून देईल चौथी, पण तीही सगळ्यांची. भांडतील तर भांडू देत, आपण काय कमी भांडलो? दर मे महिन्यात पट माळ्यावरून खाली येईल. मी माझ्याच जागेवर बसेन. आणि आता नीट खेळेन, जिंकेन, उगाच हरणार नाही. हरायचं काही कारण उरलं नाही. ओवीनं विचारल्याचं खरं उत्तर देईन, तिच्या आईबापासमोर. हसले तर हसले.

पण आधी तुम्हाला. ऐका, मी एकदाच सांगणार आहे.

खेळ मला पहिल्याच शनिवारी कळला होता. तांदूळ कुठे, मासा कुठे, तांबडी कधी हलवायची, सगळं कळत होतं. पण तुम्ही होडी इतका वेळ मुठीत धरून बसायचात की खाली ठेवलीत तरी ती ऊन असायची, कोंबडीनं आत्ताच घातलेल्या अंड्यासारखी. घरभर माणसं, सासूबाई समोर, तुमचा हात मला कधी धरता येणार होता? म्हणून तीच उचलायचे. शेवटच्या दिवशीही ती ऊनच होती. परवा महेशनं ठेवलेली निळी गार लागली, म्हणून मी जिंकले.

मला तुमचा हात हवा होता. अजून हवाय.

तुम्ही जिला नुसतं 'गो' म्हणायचात,
ती तुमची